औषधांचे सामान्य दुष्परिणाम व त्यांवरील उपाय

औषध ज्या कामासाठी दिले जाते ते सोडून शरीरावर होणारा, नको असलेला परिणाम म्हणजे दुष्परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७२ सालच्या व्याख्येनुसार तो अपायकारक व अनभिप्रेत असावा लागतो आणि औषधाच्या नेहमीच्या मात्रेतच घडावा लागतो. त्यामुळे जास्त गोळ्या पोटात गेल्याने होणारी विषबाधा यात मोडत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांना एखाद-दुसरा दुष्परिणाम असतोच. त्यांतले बरेचसे त्रासदायक असले तरी धोक्याचे नसतात, आणि औषध न थांबवता ते आटोक्यात ठेवता येतात. त्यासाठी त्रासाच्या नावापेक्षा त्याचा काळ अधिक उपयोगी पडतो: तो कधी सुरू झाला आणि दिवसागणिक ओसरतो आहे, तसाच आहे की वाढतो आहे.

गोळी पोटात गेली की औषध रक्तातून सगळीकडे पोचते; ते फक्त दुखऱ्या जागी जात नाही. ॲलर्जीवरची जुनी औषधे, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामीन, नाकातल्या हिस्टामीनला (ॲलर्जीची लक्षणे घडवणाऱ्या द्रव्याला) अडवतात तशी मेंदूतल्या हिस्टामीनलाही अडवतात, म्हणून झोप येते. शिवाय ती ॲसिटिलकोलीन या नसांचे निरोप पोचवणाऱ्या द्रव्याचे कामही रोखतात, म्हणून तोंड कोरडे पडते. ॲलर्जीवरचेच नवे औषध फेक्सोफेनाडीन मेंदूत जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे ते घेऊन गुंगी क्वचितच येते. औषधशास्त्रज्ञ एम. डी. रॉलिन्स व जे. डब्ल्यू. टॉमसन यांनी १९७७ मध्ये दुष्परिणामांचे दोन प्रकार केले आणि ते अजून वापरात आहेत. पहिला प्रकार औषधाच्या ज्ञात गुणधर्मातूनच निघतो व मात्रेनुसार कमी-जास्त होतो. बहुतेक दुष्परिणाम याच प्रकारचे असतात. दुसरा प्रकार अनपेक्षित, विरळा आणि नेहमीच्या मात्रेशी सरळ संबंध नसलेला असतो. पेनिसिलीनची तीव्र ॲलर्जी हे त्याचे परिचित उदाहरण. पहिल्या प्रकारात मात्रा, वेळ किंवा घेण्याची रीत बदलून पाहता येते. दुसऱ्यात औषध बंद करायचे असते, आणि त्याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांवर कायमची राहायला हवी.

ओसरणारे त्रास

नैराश्यावरील सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्रामसारख्या औषधांनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, अस्वस्थता, झोपेची खोटी होते. ही औषधे परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात, म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण गोळ्या सोडतात. जेवणानंतर गोळी घेणे आणि कमी मात्रेने सुरुवात करणे एवढ्यानेही बऱ्याच जणांचे निभावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने होणारे जुलाब व पोटातली गडबड यांनाही हेच लागू पडते: जेवणाबरोबर गोळी, मात्रा हळूहळू वाढवणे, तरीही न जमल्यास सावकाश विरघळणारी गोळी. छातीतल्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या नायट्रेटमुळे डोके ठणकते, कारण ते डोक्यातल्या रक्तवाहिन्याही रुंदावते. पॅरासिटामॉलने आराम पडतो आणि काही दिवसांत शरीर सरावते. रक्तदाबावरील प्राझोसीनच्या पहिल्याच गोळीने रक्तदाब एवढा उतरू शकतो की उभे राहताच भोवळ यावी. म्हणून ती पहिली मात्रा कमी ठेवून झोपताना देतात. रक्तदाब उतरवणाऱ्या इतर औषधांनीही उठताना गरगरत असेल तर आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, मग आधार धरून उभे राहावे.

न ओसरणारे त्रास

काही त्रासांची वाट पाहण्यात अर्थ नसतो. मॉर्फीन, कोडीन, ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांनी येणारी मळमळ व गुंगी काही दिवसांत कमी होते, पण बद्धकोष्ठता औषध चालू असेपर्यंत टिकते, कारण आतड्याच्या मंदावलेल्या हालचालीला शरीर फारसे सरावत नाही. म्हणून ही औषधे सलग घ्यायची असतील तर पहिल्या दिवसापासूनच रेचक सुरू करणे योग्य. पोट गच्च होऊन बसल्यावर उपाय शोधणे अवघड जाते. येथे बिसाकोडिल किंवा सेनासारखी आतड्याला चालना देणारी आणि लॅक्टुलोजसारखी मळ मऊ करणारी औषधे कामी येतात. नुसता कोंडा वा इसबगोल वाढवला आणि पाणी कमी पडले, तर मळाचा गोळा वाढतो आणि तो पुढे सरकत नाही. भरपूर तंतुमय खा हा एरवी चांगला असलेला सल्ला इथे बऱ्याचदा विनाविचार दिला जातो.

रक्तदाबावरील एनालाप्रिल, रामिप्रिल यांच्या गटातील औषधांनी कोरडा, घशात खवखवणारा खोकला येतो. या औषधांमुळे ब्रॅडिकायनीन नावाचे द्रव्य साचते आणि तेच त्याचे कारण मानले जाते. तो औषध सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा काही महिन्यांनीही सुरू होऊ शकतो, त्यामुळे त्याचा औषधाशी संबंध लक्षात येत नाही आणि खोकल्याच्या बाटल्या रिकाम्या होत राहतात. उपाय एकच: डॉक्टरांकडून औषध बदलून घेणे. लोसार्टन, टेल्मिसार्टन यांच्या गटात हा खोकला क्वचितच येतो. जुने औषध थांबल्यावर खोकला सहसा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो.

गोळी घेण्याची रीत

पुष्कळ त्रास औषधाचे कमी आणि ते घेण्याच्या रीतीचे जास्त असतात. डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकाची कॅप्सूल घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवे झाले तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. पेलाभर पाणी आणि त्यानंतर काही वेळ ताठ बसणे एवढे पुरते. हाडांच्या ठिसूळपणावरील ॲलेन्ड्रोनेटसाठी हाच नियम अधिक कडक आहे: सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे किमान अर्धा तास ना झोपायचे ना काही खायचे. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली तर झोप मोडते; स्टेरॉइडच्या गोळ्याही याच कारणाने सकाळी, जेवणानंतर देतात. स्टेरॉइडचा इन्हेलर ओढल्यावर चूळ भरून पाणी थुंकले नाही तर तोंडात पांढरी बुरशी धरते. डॉक्सिसायक्लीन चालू असताना उन्हाने कातडी चटकन भाजते, म्हणून अंग झाकून फिरावे.

घाबरवणारे पण निरुपद्रवी बदलही असतात. क्षयावरील रिफाम्पिसीनने लघवी, घाम, अश्रू नारिंगी-लालसर होतात. कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग पडू शकतात, बाकी काही नाही. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा होतो. मात्र डांबरासारखा चिकट, उग्र वासाचा काळा मळ म्हणजे जठरातला रक्तस्राव असू शकतो, विशेषतः ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन चालू असेल तर.

गोळीवर गोळी

एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध सुरू होणे, या साखळीला पॉला रोशॉन व जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९७ सालच्या लेखात ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ म्हणून मांडले. मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइडने हात कापू लागतात, अंग ताठरते. त्याला पार्किन्सनचा आजार समजून लेव्होडोपा दिले जाते. रक्तदाबावरील अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते; ती मुख्यतः सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब वाढल्याने येते, शरीरात मीठ-पाणी साचल्याने नव्हे, तरी तिच्यासाठी लघवी वाढवणारी गोळी जोडली जाते. सूज फारशी उतरत नाही आणि रक्तातले पोटॅशियम मात्र घटू शकते. वयस्कांत हे अधिक घडते, कारण त्यांच्या गोळ्या अनेक असतात आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असते. नवे लक्षण दिसले की गेल्या काही आठवड्यांत कोणते औषध सुरू झाले वा वाढले, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. तो डॉक्टरांनी विचारला नाही तर रुग्णाने किंवा घरच्यांनी सगळ्या गोळ्यांची यादी पुढे ठेवून विचारावा.

सगळीच साखळी वाईट नसते. संधिवातावरील मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक ॲसिड आणि क्षयावरील आयसोनियाझिडबरोबर पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) मुद्दाम देतात: पहिल्याने तोंड येणे कमी होते, दुसऱ्याने हातापायांच्या नसांचे नुकसान टळते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते, म्हणून पायांना मुंग्या येऊ लागल्यास त्याची रक्तातील पातळी तपासतात.

औषध अचानक थांबवणे

त्रास झाला की गोळी सोडून द्यायची, हा साहजिक वाटणारा उपाय काही औषधांत दुष्परिणामाहून घातक ठरतो. हृदयविकार व रक्तदाबावरील मेटोप्रोलॉलसारखी बीटारोधके एकदम थांबवली तर छातीतले दुखणे उसळते. रक्तदाबावरील क्लोनिडीन सोडताच रक्तदाब झपाट्याने चढतो. काही आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेतले असेल तर शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टेरॉइड) तयार होणे मंदावलेले असते, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. फिट्सवरील, नैराश्यावरील आणि झोपेच्या गोळ्यांचेही तसेच.

याला अपवाद आहे तो धोक्याच्या लक्षणांचा. ओठ, जीभ वा चेहरा सुजणे, श्वास कोंडणे, अंगभर गांधी उठून भोवळ येणे, ताप येऊन कातडीवर व तोंडात फोड येणे, डोळे पिवळे होणे, काळा चिकट मळ, बेशुद्धी: यांपैकी काहीही दिसले तर पुढची मात्रा न घेता ताबडतोब रुग्णालय गाठावे. मनात आत्महत्येचे विचार नव्याने येऊ लागले तर तीही तातडीचीच बाब आहे. तेव्हा माणसाला एकटे सोडू नये.

नोंद ठेवणे

थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणातील मळमळीसाठीही वापरले गेले आणि हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीत मागे घेतले गेले. त्यानंतर दुष्परिणामांच्या पद्धतशीर नोंदी सुरू झाल्या: ब्रिटनची ‘यलो कार्ड’ योजना १९६४ ची, तर जागतिक आरोग्य संघटनेचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम १९६८ चा. आज अनेक देशांत रुग्ण स्वतःही अशी नोंद करू शकतो.

औषधाच्या खोक्यातील पत्रकात ‘सामान्य’ म्हणजे शंभरांत एक ते दहा जणांना, आणि ‘दुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना. एवढे माहीत असले तर ती लांबलचक यादी कमी भिववते. आणि भीतीचा वाटा खरोखर मोठा असू शकतो. कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिनने अंग दुखते म्हणून ती सोडलेल्या ६० जणांवर ब्रिटनमध्ये ‘सॅमसन’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात चार महिने ॲटॉरव्हास्टॅटिन, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि चार महिने गोळीच नाही, असा क्रम चिठ्ठ्या टाकाव्यात तसा बदलत ठेवला होता. बिनगोळीच्या महिन्यांत त्रासाची सरासरी शंभरांपैकी ८ गुण होती, खोट्या गोळीवर १५.४ आणि स्टॅटिनवर १६.३. दुखणे खरेच होते, पण त्यातले बरेचसे गोळी घेण्यानेच उद्भवले होते, तिच्यातल्या औषधाने नव्हे. स्वतःचे आकडे पाहिल्यावर सहभागींपैकी निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. अर्थात स्नायू तीव्र दुखणे, अशक्तपणा आणि लघवी गडद तपकिरी होणे ही लक्षणे या हिशेबात बसत नाहीत; तेव्हा गोळी थांबवून रक्तातील क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे द्रव्य) लगेच तपासतात.