देवराईला 'जैवविविधता वारसा स्थळ' दर्जा: प्रस्ताव झाडांवर नाही, सातबाऱ्यावर अडतो

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ नुसार राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांशी सल्लामसलत करून एखादा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून राजपत्रात अधिसूचित करू शकतं. देवराई, पाणथळ जागा, जुनी बाग, पारंपरिक वाण टिकवणारी शेतंसुद्धा चालतात. जमीन सरकारी, गावाची किंवा खासगी असली तरी अडचण नाही. अभयारण्यासारखं संरक्षण आधीच मिळालेली जागा मात्र शक्यतो घेत नाहीत.

'आमची राई एवढीशी, तिला कोण विचारणार?' म्हणून गप्प बसू नका. दोडामार्ग तालुक्यातलं बांबर्ड्याचं मायरिस्टिका स्वँप, म्हणजे जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल, अवघं २.५९ हेक्टर आहे. आंबोलीतलं शिस्टुरा हिरण्यकेशी माशाचं ठिकाण त्याहून लहान, २.११ हेक्टर. दोन्ही २०२१ साली अधिसूचित झाली. क्षेत्र किती आहे यापेक्षा ते नेमकं सांगता येतं का, हे महत्त्वाचं.

आणि गाडी रुतते ती इथेच. गावाला राई पिढ्यान् पिढ्या ठाऊक असते, पण तिची हद्द कागदावर नसते. सातबारा काढला की कुठे कब्जेदार म्हणून देवाचं नाव, कुठे महाराष्ट्र शासन, कुठे वनविभाग, तर कुठे चाळीस वारस. जमीन ज्याच्या नावे, त्याचं ना-हरकत पत्र लागणार. सिंधुदुर्गातली अनेक देवस्थानं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात. तिथे नुसत्या मानकऱ्यांच्या सह्या पुरत नाहीत. राई गटाच्या काही भागातच असेल तर 'गट नंबर अमुक पैकी इतके हेक्टर' असं लिहा, चतुःसीमा द्या आणि भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा जोडा. उपग्रह नकाशावर ओढलेली लाल रेघ म्हणजे हद्द नव्हे. कोकणात पावसाळ्यात मोजणी रखडते, म्हणून तिचा अर्ज सगळ्यात आधी टाका.

दुसरी अडचण ठरावाची. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव जोडून लोक निर्धास्त होतात. ठराव ग्रामसभेचा घ्या आणि सोबत गावपातळीवरच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचाही. समितीची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहा. संस्थेच्या लेटरहेडवरचं निवेदन कितीही कळकळीचं असलं तरी ते या ठरावांची जागा घेत नाही.

ठरावात वहिवाट स्पष्ट नोंदवा: जत्रा, पालखीची वाट, पाणवठा, औषधी पाला. वारसा स्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावाने स्वतःहून ठरवलेल्या निर्बंधांखेरीज प्रचलित वापरावर बंदी येत नाही. हे ग्रामसभेत वाचून दाखवलं नाही, तर 'उद्या राईत पाऊल टाकू देणार नाहीत' ही आवई ठराव पाडते. कुणाच्या उपजीविकेला झळ पोहोचली तर भरपाईची योजना आखण्याची जबाबदारी कलम ३७ ने राज्य सरकारवर टाकली आहे. भरपाई आपोआप खात्यात येईल असं मात्र कुणाला सांगू नका.

तिसरा घोळ तारखेचा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती ती या समित्या स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या स्थानिक माहितीची नोंद, पूर्ण करण्यासाठी. वारसा स्थळाच्या प्रस्तावाला कलम ३७ मध्ये अंतिम तारीखच नाही. 'मुदत गेली' म्हणून कुणी परत पाठवलं, तर कोणत्या नियमाने ते लेखी मागा. त्या मुदतीची घाई नोंदवह्यांत अजून दिसते: शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली, राईतला महावृक्षच गायब. अशी नोंदवही जोडण्याआधी दुरुस्त करा. स्थानिक नावापुढे शास्त्रीय नाव हवं. त्यासाठी जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक गाठा.

पुढचं नेहमीचं: प्रस्ताव नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे, तिथून शासनाकडे, मग राजपत्र. पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा आणि प्रत्येक पानाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहू द्या. ग्रामसेवकाची बदली झाली की फाईल हमखास सापडत नाही.