कुत्रीचा पहिला माज आणि माणसाची मासिक पाळी

पाळलेली कुत्री सात-आठ महिन्यांची झाली की एके दिवशी फरशीवर रक्ताचे थेंब दिसतात आणि घरातले कोणीतरी म्हणते, ‘हिला पाळी आली.’ हा समज अगदी स्वाभाविक आहे, कारण रक्त तिथूनच येते, वयात येण्याच्या सुमारासच येते आणि काही दिवसांनी थांबते. परंतु स्त्रीच्या मासिक पाळीतील रक्तस्राव आणि कुत्रीच्या माजातील रक्तस्राव या शरीराच्या दोन वेगळ्या, किंबहुना एकमेकींच्या उलट टप्प्यांवर घडणाऱ्या घटना आहेत. हा फरक ठाऊक नसल्यामुळे असंख्य घरांत एकच चूक होते: रक्त थांबले म्हणजे प्रकरण संपले असे मानून कुत्रीला पुन्हा अंगणात मोकळे सोडले जाते, आणि नेमके तेच दिवस गर्भधारणेचे असतात.

स्त्रीच्या शरीरात क्रम असा असतो. दर चक्रात गर्भाशयाचे आतील अस्तर गर्भाच्या स्वागतासाठी जाड होते, मधल्या काळात अंडाशयातून बीज सुटते, आणि ते फळले नाही तर सुमारे दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरून ते अस्तर सुटते व रक्तासह बाहेर पडते. म्हणजे पाळी ही त्या चक्रात गर्भ राहिला नाही याची खूण असते. हे चक्र साधारण २१ ते ३५ दिवसांत पुन्हा पूर्ण होते, आणि सुटलेले बीज जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहते.

कुत्रीचे रक्त या क्रमाच्या दुसऱ्या टोकाला येते. तिच्या अंडाशयातील बीजपुटिका, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पिशव्या, वाढू लागल्या की इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते, गर्भाशयाकडे रक्ताचा ओघ वाढतो, तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यांतून रक्तपेशी झिरपून बाहेर येतात. येथे अस्तर गळून पडत नाही. ते नुकते कुठे जाड होऊ लागलेले असते. हा झाला माजाचा पूर्वकाळ. तो सरासरी ९ दिवसांचा असतो, पण एखादीत ३ दिवसांत आटोपतो, तर एखादीत दोन आठवड्यांहून अधिक लांबतो. या दिवसांत योनीमुख सुजते आणि घट्ट लागते, कुत्री वारंवार थोडी थोडी लघवी करते, सतत चाटते. नर तिच्या मागे लागतात, मात्र ती त्यांना जवळ येऊ देत नाही. बसून घेते, गुरगुरते किंवा चावते. मालकाला वाटते की पोर शहाणी आहे, कोणाला दाद देत नाही. ही अनिच्छा काही दिवसांपुरतीच असते.

त्यानंतर इस्ट्रोजेन उतरू लागते, प्रोजेस्टेरॉन चढू लागते आणि खरा माज सुरू होतो. हाही सरासरी ९ दिवसांचा, पण ३ ते २१ दिवसांपर्यंत कमीअधिक होणारा. आता योनीमुखाची सूज मऊ पडते, स्राव फिका होऊन गुलाबी पाण्यासारखा किंवा वाळल्या गवताच्या रंगाचा दिसू लागतो, आणि कमरेखाली शेपटीच्या मुळाशी हात फिरवला तर कुत्री स्थिर उभी राहून शेपटी एका बाजूला सारते. ही शेपटीची खूण घरच्या घरी ओळखता येणारी सर्वांत भरवशाची खूण आहे. रंग फिका पडणे हीही चांगली खूण आहे, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नये, कारण काही कुत्र्या खऱ्या माजातही लाल रक्त टाकत राहतात. बीज सुटल्यावर ते लगेच फळू शकत नाही. त्याला पक्व होण्यास आणखी दोन-तीन दिवस लागतात आणि त्यानंतर ते दोन-तीन दिवस टिकते. नराचे शुक्राणू कुत्रीच्या शरीरात पाच-सात दिवस जिवंत राहू शकतात. त्यामुळे ‘आज नववा दिवस, उद्यापासून सांभाळू’ असा हिशेब उपयोगाचा नाही. एकाच माजात दोन नरांशी संबंध आला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लेही जन्मतात.

म्हणून माझे ठाम मत असे की पहिल्या रक्ताच्या थेंबापासून किमान चार आठवडे कुत्रीला नजरेआड करू नये, आणि त्यानंतरही योनीमुखाची सूज पूर्ण उतरून आठवडाभर झाल्यावरच बंधने सैल करावीत. पहिल्या माजात तर ही काळजी अधिकच हवी. तरुण कुत्र्यांमध्ये पुष्कळदा माज अर्धवट राहतो: सूज येते, रक्त दिसते, नर गोळा होतात आणि मग सारे शांत होते, बीज सुटलेलेच नसते. काही आठवड्यांनी माज पुन्हा सुरू होतो आणि या वेळी गर्भ राहू शकतो. याउलट काहींचा पहिला माज इतका सौम्य असतो की रक्त दिसतच नाही. लहान चणीच्या, स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या कुत्रीबाबत हे विशेष घडते. सहा महिने पूर्ण झाल्यावर रोज सकाळी पांढऱ्या टिश्यू कागदाने योनीमुख हलकेच टिपून पाहण्याची सवय ठेवल्यास सुरुवात चुकत नाही. लहान जातींना माज सहा ते बारा महिन्यांत येतो, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींना दीड-दोन वर्षेही लागू शकतात. दोन वर्षे उलटूनही माज दिसला नाही तर पशुवैद्याला दाखवावे.

पाळी ‘मासिक’ असते, माज नसतो. दोन माजांमधील अंतर बहुधा सहा-सात महिन्यांचे असते, काहींत वर्षाचेही. आपल्याकडच्या रस्त्यावरील देशी कुत्र्यांचा माज बराचसा हंगामी असतो आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याला जोर येतो. भाद्रपद आणि कुत्री यांची सांगड मराठीत पडली ती याच निरीक्षणातून. पाळीव कुत्री मात्र कोणत्याही महिन्यात माजावर येऊ शकते, त्यामुळे ‘अजून भाद्रपद कुठे आला’ असे म्हणून निश्चिंत राहू नये. आणखी एक फरक उतारवयाचा आहे. स्त्रीची पाळी पन्नाशीच्या आसपास कायमची थांबते. कुत्रीचा माज मात्र अंतर वाढत वाढत जन्मभर येत राहतो. म्हाताऱ्या कुत्रीलाही गर्भ राहू शकतो आणि तो तिला झेपत नाही.

आता घरातल्या व्यवस्थेविषयी. पाळीची जी रीत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती काही ठिकाणी कुत्रीलाही लागू केली जाते: देवघर जवळ आहे, स्वयंपाकघर विटाळेल, म्हणून तिला चार-पाच दिवस पडवीत, जिन्याखाली किंवा गच्चीवर बांधतात. माणसांच्या बाबतीत ही रीत मला मान्य नाही. कुत्रीच्या बाबतीत तर ती सरळ घात करते. बाहेर बांधलेली माजावरची कुत्री नरांच्या हाती आयती सापडते. नर फाटकाखालून शिरतो, कुंपणावरून उडी मारतो, जाळीतूनही संबंध घडल्याची उदाहरणे पशुवैद्यांना ठाऊक असतात. तिची जागा घराच्या आतच, दार बंद असलेल्या खोलीत असावी. घरात नसबंदी न झालेला नर असेल, मग तो तिचा सख्खा भाऊ असो वा बाप, तर त्याला महिनाभर दुसऱ्या घरी पाठवणे हाच खात्रीचा उपाय होय. नाते कुत्र्यांना अडवत नाही, आणि सहा-सात महिन्यांचा भाऊही समर्थ असू शकतो.

फिरायला नेताना पट्टा हातातून सोडू नये, मग ती एरवी कितीही आज्ञाधारक असो. रस्त्यावरची कुत्री सुस्त असतात अशी वेळ निवडावी, फेरी छोटी ठेवावी आणि शक्य असल्यास इमारतीच्या दारातच लघवी करू देऊ नये, कारण तो वास नरांना तिथेच खिळवून ठेवतो. नर जमले तर दगड मारून कलागत वाढवू नये. त्यांच्या आपसातील भांडणात माणूस आणि कुत्री दोघेही चावले जातात. रेबीजची लस वेळेवर दिलेली आहे ना, हे आधीच पाहून ठेवावे.

डायपरविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. शेपटीसाठी छिद्र असलेली चड्डी किंवा कुत्र्यांचा डायपर हा गादी-सोफा वाचवण्यासाठी आहे, गर्भ टाळण्यासाठी नाही. नर तो सहज बाजूला करतो. तो दर तीन-चार तासांनी बदलावा, रात्री काढून ठेवावा आणि तिला स्वतःला चाटू द्यावे, अन्यथा ओलाव्याने त्वचा सोलवटते. जुन्या सुती साडीच्या घड्या अंथरल्या तर बहुतेक घरांचे काम भागते. रक्ताचे डाग थंड पाण्याने धुवावेत. कोमट पाण्याने अंघोळ घालण्यास हरकत नाही. पाळीत न्हाऊ नये ही समजूत येथे आणण्याचे कारण नाही. भूक थोडी कमी होणे, चिडचिड किंवा उलट जास्त लगट करणे, हे सारे नेहमीचे आहे.

पाळीशी तुलना करण्याचा सर्वांत घातक परिणाम औषधांत दिसतो. स्त्रीला पाळीत जसे पोट दुखते तसे कुत्रीलाही दुखत असेल, या कळवळ्यापोटी घरातली मेफेनॅमिक आम्लाची किंवा आयबुप्रोफेनची गोळी तिला दिली जाते. कुत्रीचे हे रक्त अस्तर गळण्याचे नसते आणि माजात तिला तशी पोटदुखी होत असल्याचे सहसा दिसत नाही. या गोळ्यांनी मात्र कुत्र्यांच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ती खरोखरच कण्हत असेल तर कारण वेगळे आहे आणि ते पशुवैद्यानेच शोधायला हवे. माज पुढे ढकलण्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाची इंजेक्शने किंवा माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या देणेही टाळावे. गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांत गाठी होण्याचा धोका त्यांनी वाढतो.

एवढे करूनही नर लागलाच आणि दोघे अडकले, तर त्यांना ओढून वेगळे करू नये. ही अवस्था पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत टिकते आणि ओढाताणीत दोघांनाही गंभीर इजा होते. शांतपणे थांबावे, दिवस टिपून ठेवावा आणि एक-दोन दिवसांत पशुवैद्याला गाठावे. योनिमार्ग पाण्याने किंवा जंतुनाशकाने धुण्याचा काहीही उपयोग होत नाही. पूर्वी अशा वेळी इस्ट्रोजेनचे इंजेक्शन सर्रास दिले जाई. त्याने अस्थिमज्जेला बाधा होऊ शकते आणि गर्भाशयात पू होण्याची शक्यता वाढते, म्हणून तसा आग्रह धरू नये. पहिल्या माजात गर्भ राहू देणे योग्य नाही, कारण कुत्रीचे स्वतःचेच शरीर तेव्हा वाढत असते. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, म्हणजे ती निरोगी राहते’ या समजुतीला कोणताही आधार नाही.

माज संपल्यानंतरचा काळ दोघींत सर्वांत वेगळा असतो आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. गर्भ नसेल तर स्त्रीचे प्रोजेस्टेरॉन दोन आठवड्यांत उतरते. कुत्रीचे मात्र गर्भ असो वा नसो, सुमारे दोन महिने चढलेलेच राहते. ते उतरताना काही कुत्र्यांच्या स्तनांत दूध येते, त्या कोपऱ्यात बिछाना उकरतात, खेळणी छातीशी धरून बसतात. ही खोटी गर्भावस्था बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरते. स्तन चोळू किंवा पिळू नयेत, कारण त्याने दूध वाढते. याच दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार डोके वर काढतो. स्वीडनमधील विमा नोंदींच्या अभ्यासांत दहा वर्षांच्या वयापर्यंत नसबंदी न झालेल्या साधारण दर चार-पाच कुत्र्यांमागे एकीला हा आजार झाल्याचे आढळले. तो वयस्क कुत्र्यांत अधिक होतो, पण पहिल्या-दुसऱ्या माजानंतरही होऊ शकतो. माज संपून काही आठवड्यांनी कुत्री फार पाणी पिऊ लागली, सारखी लघवी करू लागली, जेवण सोडले, उलट्या झाल्या, किंवा दुर्गंधीयुक्त तपकिरी स्राव दिसला, तर ‘पुन्हा पाळी आली असेल’ असे म्हणून एक दिवसही घालवू नये. गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर स्राव मुळीच दिसत नाही, आणि तो प्रकार अधिक प्राणघातक असतो.

माजाच्या वेळेशी न जुळणारे रक्तही असते. मोकाट कुत्र्यांशी संबंध आलेल्या कुत्रीत समागमातून पसरणारी गाठ आपल्याकडे वारंवार आढळते आणि तिच्यातून आठवडे-महिने रक्त ठिबकत राहते. गोचीडतापात रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) घटून नाकातून, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते. सूज नाही, नरांना रस नाही, तरीही रक्त आहे, किंवा रक्त तीन-साडेतीन आठवडे झाले तरी थांबत नाही, अशा वेळी तपासणी करावी.

पिल्ले नको असतील तर नसबंदीचा विचार पहिल्या माजाच्या आधी की नंतर, हा प्रश्न जातीवर आणि वजनावर अवलंबून असतो. मोठ्या जातींत सांध्यांच्या वाढीसाठी बरेच पशुवैद्य थांबण्यास सांगतात. माज चालू असताना रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्यामुळे शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात आणि माज संपून दोन-तीन महिने झाल्यावर, स्तनांत दूध नसताना करतात. त्या भेटीसाठी पहिल्या रक्ताची तारीख, रंग फिका पडल्याची तारीख आणि शेपटी सारल्याची तारीख लिहून ठेवली असेल, तर पशुवैद्याला शस्त्रक्रियेचा दिवस अचूक ठरवता येतो.