काचेखालचा जिल्हा

निपाणीत आजोबांच्या तंबाखूच्या वखारीत एक शिसवी टेबल होतं. त्यावर जाड काच, आणि काचेखाली जुन्या मुंबई राज्याचा नकाशा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, निपाणी-बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि तो नकाशा रद्दीत जमा झाला खरा, पण आजोबांनी काच उचलून तो कधी काढला नाही. का, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या काचेवर लाकडी पट्टी ठेवून बेळगाव किती इंचांवर येतं ते बघायचो आणि दर वेळी उत्तर वेगळं यायचं. दिवाणजी हसायचे. "मान सरळ धर की रे, बेळगाव पळालं बघ तिकडं."

दिवाणजी शाळेत फार गेले नव्हते, पण मुद्दा नेमका होता. पट्टी काचेच्या वर आणि शाई काचेच्या खाली. डोळा बरोबर वरून बघत असेल तर ठीक, कलता झाला की गाव पट्टीवर दुसऱ्याच खुणेसमोर दिसतं. काच ६ मिलिमीटर जाड धरा आणि नजर उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली. काचेत शिरताना प्रकाश वाकतो, तो धरूनही ठिपका सुमारे २ मिलिमीटर सरकतो. एका इंचाला चार मैल अशा नकाशावर २ मिलिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर! हवेत सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत २ लाखांवर येतो. त्याच्या या मंदावण्यामुळे काचेखालचा नकाशा मुळात वर उचलल्यासारखाही दिसतो.

मराठीत काच दोन. एक ती काच, फुटणारी. दुसरा तो काच, सासूचा असतो, दोरीचा असतो, नव्या चपलेचाही असतो. सीमाभागात दोन्ही ठाऊक असतात. इथे मात्र पहिलीबद्दलच लिहायचं आहे. ज्या रेघांवरून आपण इतकी वर्षं भांडतो, त्या कागदावर येण्याआधी कितीतरी काचांमधून गेलेल्या असतात, हे माझ्याही फार उशिरा लक्षात आलं.

गवंड्याची पाणसळ घ्या. नावात पाणी आहे, पण आत असतो स्पिरिटसारखा पातळ द्रव. त्यात बुडबुडा चटकन सरकतो आणि द्रव थंडीत गोठत नाही. ती काचेची नळी सरळ दिसते आणि इथेच आपण फसतो. ती अगदी सरळ असती तर बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला असता, मध्ये थांबलाच नसता. म्हणून नळी आतून किंचित कमानदार घासलेली असते. गवंड्याच्या पाणसळीत ही कमान बऱ्यापैकी असते. सर्वेक्षणाच्या चांगल्या उपकरणात ती इतकी सौम्य असते की पत्ता लागत नाही. २ मिलिमीटरच्या एका खुणेला २० सेकंद कोन (१ सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असं गणित असेल, तर ती बोटभर नळी म्हणजे साडेवीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो. बुडबुडा एक खूण चुकला, की एक किलोमीटरवर उंची जवळपास १० सेंटिमीटरने चुकते. काठोकाठ वाहणाऱ्या कालव्याला एवढी चूक पुरते.

मग दुर्बीण. साध्या भिंगाने दूरचा झेंडा बघितला तर त्याच्या कडेला निळी-तांबडी झालर येते, कारण काच प्रत्येक रंगाला वेगवेगळं वाकवते. झालरीची नेमकी कड कुठली धरायची? क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा जोडून एकीचा दोष दुसरीने खोडायची युक्ती निघाली आणि लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. अशा दुर्बिणी थिओडोलाइटवर, म्हणजे कोन मोजायच्या यंत्रावर, चढल्यावर मैलोन्‌मैल दूरचे कोन मोजणं शक्य झालं.

इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा (जिच्यावरून पुढची अंतरं काढतात ती पहिली रेघ) मोजून भारताच्या ज्या सर्वेक्षणाची सुरुवात केली, त्यातला थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा होता आणि त्याची कोन मोजायची चकती ३६ इंच व्यासाची. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि चकती वाकली. लॅम्टनने स्वतःला कोंडून घेऊन काही आठवडे ती ओढून-ठोकून पुन्हा गोल केली. पुढे हा माणूस १८२३ मध्ये काम चालू असतानाच आपल्या हिंगणघाटात वारला. तिथे त्याची कबर आहे. शाळेच्या पुस्तकात त्याचं काम पुढे नेणारा एव्हरेस्ट असतो, लॅम्टन नसतो. मला हे कायम खटकत आलं आहे.

दूरच्या डोंगरावरची खूण दिसावी कशी, यावर तोडगा निघाला तो तर पोरखेळातला. वर्गात आरशाचा कवडसा कुणी पाडला नाही? जर्मन गणिती गाउसने १८२१ मध्ये त्यालाच यंत्राचं रूप दिलं. टेकडीवर आरसा असा धरायचा, की सूर्याचा कवडसा बरोबर दूरच्या दुर्बिणीत पडेल. दिवसा उन्हाचा ठिपका आणि रात्री दिवा, असं बघत बघत देश मोजला गेला. राजहंसगडावर उभं राहिलं की मला वाटतं, येळ्ळूरच्या पोरांना हे काम सहज जमलं असतं. आषाढात सूर्य कुठून आणायचा, एवढाच प्रश्न.

दुर्बिणीत नेम धरायला जी फुली असते, तिची गंमत पुन्हा आमच्या वखारीतल्या टेबलाची. पूर्वी ती फुली कोळ्याच्या धाग्याची असे, आता काचेवर कोरलेली असते. प्रतिमा आणि फुली एकाच पातळीवर आल्या नसतील, तर डोळा वरखाली केला की फुली स्टाफवरून, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या मापाच्या काठीवरून, घसरते. म्हणून इंजिनिअरिंगच्या पोरांना पहिल्याच प्रात्यक्षिकात डोळा हलवून बघायला लावतात. दिवाणजींचा धडा, फक्त इंग्रजीतून.

नकाशा छापण्यातही काच होतीच. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशा काढताना त्यांच्या प्रती बराच काळ काचेच्या पट्ट्यांवर घेत, कारण फिल्म आखडते आणि कागद तर दमट हवेत चक्क फुगतो. बेळगावच्या पावसाळ्यात पापडाचं काय होतं ते आठवा. ५० सेंटिमीटरचा कागद समजा अर्धा टक्का फुगला, तर १:५०,००० च्या नकाशावर ती चूक १२५ मीटरची. काचेची २३ सेंटिमीटरची पट्टी १० अंश तापमान वाढल्यावर वाढते ती जेमतेम ०.०२ मिलिमीटर. शिवाय रेघेलाही जाडी असते. अर्ध्या मिलिमीटरची सीमारेषा जमिनीवर २५ मीटर रुंद होते. तेवढ्यात एक घर, परसू आणि गोठा मावतो.

आता काम टोटल स्टेशनवर, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या यंत्रावर, चालतं. मामेभावाच्या बांधाची मोजणी होती तेव्हा एक पोरगा काठीवर काचेचा प्रिझम लावून ऊसातून फिरत होता. शेजारची आजी म्हणाली, "आरसा घेऊन काय बघूलालासा ओ?" आरसाच, पण वेगळ्या जातीचा. काटकोनात मिळणारी तीन पृष्ठं असलेला हा काचेचा कोपरा, आलेला किरण तीनदा परतवून आल्या दिशेनेच माघारी धाडतो. पोराने काठी थोडी तिरकी धरली तरी बिघडत नाही. साधा आरसा तिरका झाला असता तर किरण भलतीकडेच गेला असता. पण काच इथेही खोडी काढतेच. किरण काचेत मंदावतो, त्यामुळे यंत्राला अंतर जास्त भासतं. ती वजावट, बऱ्याच प्रिझमसाठी ३० मिलिमीटर, यंत्रात आधी भरावी लागते. त्या दिवशी प्रिझम बदललेला, आकडा जुनाच. दुपारपर्यंतचं प्रत्येक अंतर दोन बोटांनी चुकलेलं. मोजणीवाल्याने स्वतःच ते पकडलं आणि चहा झाल्यावर पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात केली. शेजाऱ्याला ती दोन बोटं आपल्या बाजूची वाटत होती, तो अजून कुरकुरतो.

असेच काचेचे कोपरे आकाशातही आहेत. १९७६ मध्ये सोडलेला लॅजिऑस उपग्रह म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाचा, ४०७ किलोचा गोळा. त्यावर असे ४२६ कोपरे बसवलेले, त्यातले चार सोडले तर बाकी सगळे शुद्ध सिलिकाच्या काचेचे. आत ना बॅटरी, ना कॅमेरा. जमिनीवरून लेझर मारायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. अशा मोजण्यांतून जमिनीचे भूपट्ट किती सरकतात ते कळतं. आपला भारतीय पट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे चालला आहे. म्हणजे आजोबांनी तो नकाशा काचेखाली ठेवला तेव्हापासून निपाणी, बेळगाव, खानापूर आणि पलीकडचं कागल, चंदगड, सगळी मिळून साडेतीन मीटरच्या आसपास सरकली आहेत. दिवाणजी असते तर म्हणाले असते, बेळगाव पळालं, मी सांगत नव्हतो?