गोठ्यातल्या स्पीकरला मोबाइल जोडू नका

गोठ्यात धारेच्या वेळी संगीत लावायचा संच आम्ही बसवून देतो. त्यात ब्लूटूथ का नाही, हे नागपूर जिल्ह्यातल्या कामठी, हिंगणा, कळमेश्वरकडचे बहुतेक ग्राहक विचारतात. काही जण बाजारातून ब्लूटूथ रिसीव्हर आणून स्वतःच अ‍ॅम्प्लिफायरला लावतात आणि थोड्या दिवसांनी ‘म्हैस दूध चोरते’, म्हणजे कासेत अडवून ठेवते, म्हणून आम्हाला फोन करतात. बिघाड संचात नसतो, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये असतो.

कास धुऊन आचळे चोळली की मिनिट-दोन मिनिटांत रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक उतरते आणि जनावर पान्हवते, म्हणजे दूध खाली सोडते. त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो. तेवढ्यात गाणे थांबून रिंगटोन दणाणली किंवा मोठ्या आवाजाची जाहिरात लागली, की जनावर दचकते, भीतीचे संप्रेरक अ‍ॅड्रिनॅलिन वाढते आणि पान्हा अडतो. गाईच्या कासेत थोडे दूध आधीच खाली उतरलेले असते. म्हशीचे मात्र सुमारे 95 टक्के दूध वरच्या बारीक पिशव्यांत असते, त्यामुळे पान्ह्याशिवाय तिच्याकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त असते. ते दूध आत राहिले की डेअरीवर फॅट कमी लागते, शिवाय कासदाहाची, म्हणजे कास सुजण्याची भीती.

म्हणून आम्ही मेमरी कार्डवर चालणारा साधा प्लेअर देतो. कार्डात मंद लयीची बासरी आणि संतूर भरलेले असते, सगळ्या तुकड्यांचा आवाज एका पातळीवर आणलेला. वीज जाऊन आली तरी आवाज शून्यापासून हळूहळू चढतो. ही सोय मोबाइलमध्ये मिळत नाही.

दूध किती वाढेल? इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये केलेल्या अभ्यासात मिनिटाला 100 ठोक्यांच्या आतल्या संगीतावर गाईंनी जलद संगीतापेक्षा दिवसाला 0.73 लिटर, म्हणजे सुमारे 3 टक्के दूध जास्त दिले. 10 लिटरच्या गाईला 300 मिली धरा. याहून जास्तीचा वायदा आम्ही करत नाही. मे महिन्यात पारा 45 वर असताना सावली, फवारा आणि पोटभर पाणी आधी, संगीत नंतर.

आवाज जनावराच्या कानाजवळ 60 ते 65 डेसिबल ठेवा, मोबाइलमधल्या अ‍ॅपवर साधारण अंदाज येतो. गाईला 35,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि 8,000 च्या आसपास तिचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो. आपल्याला खणखणीत वाटणारा आवाज तिला टोचू शकतो, म्हणून ट्रेबल, म्हणजे उंच सुरांचे बटण, मध्याच्या खालीच बरे. मिल्किंग मशीनच्या पंपावर मात करायला आवाज चढवणे ही उलटी वाट आहे. पंप भिंतीबाहेर न्या, खाली रबराचे पॅड घाला, कुलरच्या कुरकुरणाऱ्या बेअरिंगला तेल द्या.

गव्हाणीत ढेप-कुटार टाकताना, म्हणजे धारेच्या 20 मिनिटे आधी, प्लेअर सुरू करा. रोज तीच वेळ, तेच कार्ड. आठवडाभरात जनावर त्यावरून धारेची वेळ ओळखू लागते. धार संपल्यावर अर्ध्या तासाने बंद करा. रात्री रवंथाला शांतता हवी.

40 वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर 6 वॅटचे पाचच स्पीकर जोडा. घरचा 8 ओहमचा स्पीकर संचाच्या 100 व्होल्टच्या स्पीकर-लाइनवर थेट लावला की त्याची कॉइल जळते आणि अ‍ॅम्प्लिफायरही जाऊ शकतो. ते वॉरंटीत बसत नाही.

कोंबड्यांच्या शेडलाही हाच संच चालतो. पिले लहान असल्यापासून दिवसा हलका आवाज चालू ठेवला तर वरातीच्या डीजेला किंवा दिवाळीच्या फटाक्यांना त्या कमी दचकतात, कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरण्याचा धोका घटतो. रात्री शेडचे दिवे मालवले की आवाज बंद.

पान्ह्याची तक्रार असेल तर आधी रिसीव्हर काढा, आमचे कार्ड लावा आणि दोन दिवस, म्हणजे चार धारा पाहा. तरी अडत असेल तर फोन करा. जिल्ह्यात तपासणी विनामूल्य आहे. रिसीव्हर जोडलेलाच सापडला तर मात्र फेरीचा पेट्रोलखर्च ग्राहकाकडे.