कार्यप्रेरणा

काम टाळता येत असतानाही माणूस ते मन लावून का करतो, याचा विचार औद्योगिक मानसशास्त्रात 'कार्यप्रेरणा' या नावाखाली होतो. पगार हे एक कारण झाले, एकमेव नव्हे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये पिट्सबर्ग परिसरातील सुमारे 200 अभियंते व हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून द्विघटक सिद्धांत मांडला. पगार, साहेबाची वागणूक, कंपनीचे नियम बिघडले की माणूस चिडतो; पण ते सुधारले म्हणून हुरूप येतोच असे नाही. हुरूप येतो जमलेल्या कामातून आणि सोपवलेल्या जबाबदारीतून. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या भाषेत सांगायचे तर कॅन्टीनची डाळ पातळ असेल तर पाळीभर कुरबुर. घट्ट झाली की कुरबुर थांबते, इतकेच. सेटिंग स्वतः करणारा ऑपरेटर मात्र दसऱ्याला झेंडूचा हार घालताना 'माझं मशीन' म्हणतो. सिद्धांतावरचा आक्षेपही रास्त आहे : विचारले की माणूस यश स्वतःच्या नावावर टाकतो आणि अपयश साहेबाच्या.

पैशाने वेग वाढतो का? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये 14 कामगारांच्या गटाचे निरीक्षण झाले. गटाच्या उत्पादनावर मजुरी अवलंबून होती, तरी दिवसाचा आकडा त्यांनी आपसांत बांधून घेतला होता. पुढे पळणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसे. जास्त केले तर दर उतरेल, ही धास्ती. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्या एकराचा दर ठरवून उक्ते काम घेतात, तेव्हा कोणी कोणती ओळ धरायची हे टोळीच पाहते. रोजंदारीपेक्षा काम झपाट्याने उरकते, पण ठरलेला दर शेवटपर्यंत टिकेल हा भरवसा असेल तरच.

एकाच लाइनवर पर्मनंट आणि ठेकेदाराचा माणूस तेच काम वेगळ्या पगारात करतात, तिथे कौतुकाचे फलक फारसे उपयोगी पडत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या पाहणीत चांगल्या गटांतच चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका बोलून दाखवता येत होत्या, हा त्यांनी लावलेला अर्थ. 1999 च्या शोधनिबंधात त्यांनी याला मानसिक सुरक्षितता म्हटले. ती नसेल तर कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा माप चुकलेला पीस क्रेटच्या तळाशी सरकवतो, आणि तो ग्राहकाच्या तपासणीत वर येतो.