वॉटर पंप बदलणे (मोटारगाडी)

मोटारगाडीच्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, फिरते ठेवणारा पंप निकामी झाला, किंवा होण्याच्या बेतात आला, की तो काढून नवा बसवण्याचे काम. गॅरेजच्या हिशेबात हे मधल्या दर्जाचे काम: ऑइल बदलण्याइतके किरकोळ नाही, इंजिन खोलण्याइतके मोठेही नाही. काही गाड्यांत ते दोन-तीन तासांत उरकते, काहींत टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) उतरवावा लागत असल्याने दिवस जातो. सोलापूर भागात या कामाला एक वेगळी बाजू आहे. इथला उन्हाळा आणि इथले जड पाणी या दोहोंचा मार या सुट्या भागाला थेट बसतो. म्हणून नवा पंप बसवला, पण आत पुन्हा बोअरचेच पाणी ओतले, तर ते काम अर्धवटच राहिले असे समजावे.

रचना व कार्य

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो, तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनच्या अंगात मुरतो. ही मुरलेली उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेण्याचे काम कूलंट करते आणि कूलंट ढकलण्याचे काम वॉटर पंप. रचना साधी असते. ॲल्युमिनियमच्या किंवा बिडाच्या घरात एक दांडा, बाहेरच्या टोकाला पुली, आतल्या टोकाला पात्यांची चकती म्हणजे इम्पेलर. चकती फिरली की मधोमध आलेले द्रव केंद्रोत्सारी बलाने कडेला फेकले जाते आणि ब्लॉक (इंजिनाचे मुख्य घर), हेड (त्यावरचे झाकण), थर्मोस्टॅट (तापमानावर उघडणारी झडप), रेडिएटर असा फेरा सुरू राहतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८° से.ला उघडतो, तोवर कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घुमते.

पंपाचा जीव असतो तो सीलमध्ये. दांड्याच्या एका बाजूला गरम, दाबाखालचे कूलंट आणि दुसऱ्या बाजूला ग्रीस भरलेले बेअरिंग. मध्ये एकमेकांवर घासत फिरणाऱ्या दोन गुळगुळीत कड्या, बहुधा एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची. या कड्यांना बाहेरून वंगण मिळत नाही. त्यांच्यामध्ये राहणारा कूलंटचाच अतिपातळ थर त्यांना वंगण पुरवतो. म्हणून गाडी कूलंटविना काही मिनिटे जरी चालली, तरी कड्या कोरड्या घासून चरे पडतात. सील आणि बेअरिंग यांच्या मधल्या पोकळीतून खाली एक बारीक भोक काढलेले असते. सीलमधून झिरपलेला थेंब बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडावा, ही त्यामागची योजना. गळते म्हणून कोणी हे भोक एम-सीलने बुजवले, तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि जो पंप महिनाभर तरी रडतखडत चालला असता तो आठवड्यात जाम होतो.

सुरुवातीच्या अनेक मोटारींना पंप नसे. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्यावरच त्यांचे भागे. फोर्डच्या १९०८च्या मॉडेल टीच्या पहिल्या काही गाड्यांना पंप होता, पुढे तो काढून टाकण्यात आला. इंजिने लहान जागेत जास्त ताकद देऊ लागली तेव्हा पंपावाचून गत्यंतर उरले नाही.

पंप फिरवण्याच्या तऱ्हा तीन. बाहेरच्या बेल्टवर फिरणारा पंप सर्वांत सोयीचा: बेल्ट तुटला तर कळते, पंप हाताशी असतो. टायमिंग बेल्टवर फिरणारा पंप कव्हरच्या आड दडलेला असतो, फोक्सवॅगनची १.६ लिटरची डिझेल इंजिने या प्रकारातली. तिसरा विजेवर चालणारा, जो हायब्रिड गाड्यांत आणि काही महागड्या गाड्यांत दिसतो. त्याला बेल्ट नसतो. पण तो गेल्याचे कळायला स्कॅनर लावावा लागतो.

सोलापूरचे ऊन आणि पाणी

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. डिसेंबरातल्या ३०° से.च्या दुपारी ९५° से.चे कूलंट असेल तर हा फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात पारा ४२वर गेला की तो ५३ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढ्याच वाऱ्यात, जवळजवळ पाचवा हिस्सा कमी काम करतो. पंपाच्या इम्पेलरची पाती झिजलेली असली तर हिवाळ्यात ते झाकून जाते आणि मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात, एसी चालू असताना, उघडे पडते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातले पाणी इथे ९८.५° से.च्या आसपासच उकळते. गाडीत ते उकळत नाही याचे कारण रेडिएटरची कॅप. ती बहुतेक गाड्यांत ०.९ ते १.१ बार दाब कोंडून धरते आणि निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल (अँटिफ्रीझमधले मुख्य द्रव्य) असलेले कूलंट त्या दाबाखाली सुमारे १२५° से.पर्यंत टिकाव धरते. कॅपचे रबर कडक झाले की दाब पडतो, पंपाच्या चोषणाच्या बाजूला वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात आणि पात्यांवर बारीक खड्डे पडतात. पंपाच्या तुलनेत कॅपची किंमत किरकोळ, तरी ती बदलण्याचा आग्रह धरणारे ग्राहक क्वचित भेटतात.

पाण्याचे दुखणे याहून जुने. शहराला उजनी, टाकळी आणि हिप्परगा इथून पाणी मिळते, पण नळाला ते रोज येत नाही, त्यामुळे गाडी धुण्यापासून रेडिएटर भरण्यापर्यंत बोअरवर भिस्त असते. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट मुरलेले असते. पाणी तापले की त्याचे कार्बोनेट बनून ते पृष्ठभागावर चिकटते. घरच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तोच थर इंजिनाच्या आत, हेडमधल्या सर्वांत गरम जागी बसतो. त्याचे कण सुटून सीलच्या कड्यांमध्ये अडकले की कड्यांची चकाकी जाते आणि गळती सुरू होते. खराब झालेला पंप उतरवून उलटा धरला की हे सगळे समोर येते: पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या, मध्यभागी तांबूस गाळ आणि झिरप-भोकाखाली खडूसारखी वाळलेली पांढरी रेघ.

‘इथे कुठे बर्फ पडतो, मग अँटिफ्रीझ कशाला?’ हा प्रश्न सोलापुरात हमखास ऐकू येतो. गोठणबिंदू खाली नेणे हे ग्लायकॉलचे एक काम; उत्कलनबिंदू वर नेणे हे दुसरे, आणि सोलापूरला तेच जास्त कामाचे. त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियम, बीड आणि पितळ यांना सांभाळतात, ते वेगळेच. या द्रव्यांतही घराणी आहेत. जड पाण्यामुळे युरोपातील उत्पादकांनी फॉस्फेट टाळले. जपानी उत्पादकांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवले. फॉस्फेटवाल्या घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेल्या, कूलंटमध्ये बोअरचे पाणी मिसळले तर फॉस्फेट कॅल्शियमशी जुळून साका बनतो, म्हणजे गंजरोधकही जाते आणि गाळही वाढतो. हिरवा, गुलाबी, निळा हा रंग फक्त ओळखीसाठी घातलेला असतो. त्यावरून घराणे कळते असे मानू नये. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच घ्यावे.

लक्षणे

‘गाडी पाणी पितीय’ ही पहिली तक्रार. दर चार-आठ दिवसांनी टाकीतली पातळी उतरते, पण जमिनीवर काहीच दिसत नाही, कारण झिरपलेले थेंब गरम इंजिनावर पडून तिथेच वाळतात. बॉनेट उघडल्यावर गोडसर वास येतो आणि पंपाच्या खाली हिरवट किंवा पांढरा ओघळ दिसतो. नव्या पंपाच्या भोकाशी किंचित डाग पडणे स्वाभाविक असते. ओघळ लांबत गेला तर मात्र सील गेले. बेअरिंग जाते तेव्हा घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, जो ॲक्सिलरेटरबरोबर चढतो. जुने मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपाच्या घरावर टेकवून मुठीला कान लावतात आणि आवाज अल्टरनेटरचा की पंपाचा ते सांगतात. फिरत्या बेल्टपाशी हे करताना सैल बाही किंवा गळ्यातला गमछा असता कामा नये. इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून, पुली दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली तर शंका उरत नाही. निरोगी पंपात जाणवेल एवढा प्ले (सैलपणा) नसतोच.

काटा चढला म्हणजे पंपच गेला, असे मात्र नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना काटा चढतो आणि हायवेला ऐंशीच्या वेगाला उतरतो, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा. उलट गावात सगळे ठीक आणि पुणे रस्त्यावर वेग धरल्यावर किंवा चढावर गरम, तर रेडिएटर चोंदला आहे किंवा पंप पुरेसे ढकलत नाही. प्लॅस्टिकचा इम्पेलर दांड्यावर सैल झाला तर बाहेर ना गळती ना आवाज, तरी गाडी तापते. हे निदान सर्वांत फसवे. टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर गोष्ट हेड गॅस्केटपर्यंत (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पट्टीपर्यंत) गेली आहे आणि नुसता पंप बदलून ती परतणार नाही.

रस्त्यात गाडी तापली तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, बॉनेट उघडून निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. कॅप गरम असताना उघडली की दाब एकदम सुटून शंभर अंशांवरचे कूलंट वाफ होऊन तोंडावर येते. ओले गोणपाट टाकून उघडण्याची रीतही धोक्याचीच. तापल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा ड्रायव्हर लोकांचा उपाय खोटा नाही, बारीक छिद्र तिने तात्पुरते बुजतेही. पण पंपाच्या सीलवर तिचा काही उपयोग नाही आणि तोच गाळ पुढे रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

बदलण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढतात आणि रेडिएटरचा खालचा होज सोडून कूलंट घमेल्यात घेतात. बाहेरच्या बेल्टचा पंप असेल तर बेल्ट ताणलेला असतानाच पुलीचे बोल्ट ढिले करून घेणे सोपे पडते. बेल्ट उतरल्यावर पुली हाताबरोबर फिरत राहते. टायमिंग बेल्टच्या गाडीत आधी खुणा जुळवून इंजिन लॉक करतात. त्या खुणा चुकल्या तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि पंपाचे काम हेडवर जाते. अशा गाडीत टायमिंग बेल्टची मुदत, जी बहुधा ६०,००० ते १,००,००० किमीच्या दरम्यान असते, जवळ आलेली असेल तर बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि पंप एकदमच बदलावेत. मजुरी तीच लागते.

पंपाचे बोल्ट बहुधा दहाच्या पान्याचे आणि कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्या त्या जागी बोल्ट खोचून ठेवण्याची पद्धत चांगली. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ब्लॉकचे आटे जातात. जुना पंप निघत नसेल तर रबरी हातोडीने हलके ठोकावे, सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये. खरे कौशल्य पुढे आहे: ब्लॉकवरचे जुने गॅस्केट खरवडणे. ॲल्युमिनियम मऊ असते, एक ओरखडा नव्या पंपालाही गळायला पुरतो. बोट फिरवून कुठे काही लागत नाही इतपत जागा स्वच्छ झाली पाहिजे. ओ-रिंग असेल तर तिला कूलंटचा हात लावावा, ऑइल किंवा ग्रीस नव्हे. या रिंगांचे रबर बहुधा खनिज तेलाने फुगते. कंपनीने सिलिकॉन सांगितले असेल तिथे त्याची बारीक रेघच ओढावी. जास्तीचे सिलिकॉन आत दाबले जाऊन सुटते आणि रेडिएटरच्या तोंडाशी अडकते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळावेत. दहाच्या पान्याच्या बोल्टला सामान्यतः ८ ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. मनगटाच्या अंदाजाने आवळणारे इथेच आटे तोडतात. टायमिंग बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहिल्याशिवाय स्टार्टर मारू नये.

ट्रॅक्टर आणि जुन्या जीपचे पंप अजूनही किट टाकून, प्रेसवर बेअरिंग दाबून दुरुस्त होतात. आजच्या मोटारींत अख्खा पंपच बदलतात. सुटे भाग घेताना इम्पेलर धातूचा की प्लॅस्टिकचा यापेक्षा पात्यांची संख्या, वळण आणि खोली जुन्याशी जुळते का हे शेजारी ठेवून पाहावे. तसाच दिसणारा पण उथळ पात्यांचा पंप बसतो नीट, ढकलतो कमी.

कूलंट भरणे

नवे कूलंट भरण्याआधी यंत्रणा साध्या पाण्याने धुऊन शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा द्यावा. बॅटरीचे पाणी म्हणून पेट्रोल पंपावर मिळणारे डिस्टिल्ड पाणी यासाठी चालते; लहान गाडीला चार ते सहा लिटरपर्यंत कूलंट लागते, त्यातले निम्मे पाणी. तयार मिश्रण घेतले तर पाण्याचा प्रश्नच उरत नाही. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सोडून, पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवतात. हीटरमधून गार वारा येत राहिला तर आत हवा अडकली आहे. दुसऱ्या दिवशी, इंजिन गार असताना, पातळी पाहून टाकी भरून घ्यावी; थोडी उतरलेली असतेच.

काढलेले कूलंट नालीत किंवा गॅरेजसमोरच्या मातीत ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते; उघड्या घमेल्यातले ते कुत्री आणि जनावरे पितात, आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते जुन्या ऑइलपासून वेगळे ठेवावे आणि घातक कचरा नेणाऱ्याकडेच द्यावे.