उंची कमी म्हणून गुडघे जातात? नाही, आधी बिघडलेला जीन कुठला ते बघा

'बुटक्या लोकांचे गुडघे लवकर जातात, कारण धड मोठं आणि पाय आखूड, सगळा लोड गुडघ्यावर.' हे इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि इतक्या ठामपणे, की ऐकणाऱ्याला पटतंच. पण ते बरोबर नाहीये, आणि का नाहीये यातच खरी गंमत आहे.

बुटकेपणाचा सगळ्यात कॉमन जनुकीय प्रकार म्हणजे अकॉन्ड्रोप्लेझिया. धड साधारण नेहमीएवढं, हातपाय आखूड, कपाळ थोडं पुढे आलेलं. यात एफजीएफआर३ नावाच्या जीनमध्ये एकाच अक्षराचा बदल असतो, १९९४ साली सापडला. हाडांच्या टोकाशी लहानपणी जी वाढपट्टी असते तिथल्या पेशींना 'आता बास' सांगायचं काम या जीनचं, आणि बदल झाला की ते 'बास' बंदच होत नाही. म्हणून हाड आखूड राहतं. पण सांध्यावरची कूर्चा, म्हणजे दोन हाडांच्या मधे जी गुळगुळीत गादी असते ती, बऱ्यापैकी धडधाकट असते! त्यामुळे या लोकांमध्ये पाय धनुष्यासारखे वाकलेले असले तरी गुडघा झिजून बदलायची वेळ तुलनेने कमी येते. चालताना पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं अशी तक्रार असेल तर बऱ्याचदा दोष गुडघ्याचा नसून कमरेच्या मणक्यातली जागा अरुंद झाल्याचा असतो, आणि तिथे गुडघा बदलून काहीच उपयोग नाही.

मग तिशी-चाळिशीत नी रिप्लेसमेंट कोणाला लागते? तर स्युडोअकॉन्ड्रोप्लेझिया, मल्टिपल एपिफिझियल डिस्प्लेझिया वगैरे, म्हणजे बुटकेपणाच्याच दुसऱ्या जनुकीय प्रकारांतल्या मंडळींना. नावं भयंकर आहेत, सोडून द्या. स्युडोवालं बाळ जन्मतः अगदी नॉर्मल दिसतं, चेहरा तर कायम नॉर्मलच राहतो, दीडदोन वर्षांचं झालं की डुलत डुलत चालायला लागतं आणि उंची मागे पडते. इथे बिघडलेला जीन आहे कॉम्प, आणि माझा सगळा जीव याच्यात अडकलाय.

कॉम्प हे कूर्चेतलं एक प्रोटीन. पाच सारखे तुकडे एका टोकाला जुळून पाच हातांचा एक गुच्छ बनतो. आता आईकडून एक जीन, बापाकडून एक, त्यातला एक बिघडलेला, म्हणजे निम्मे तुकडे चांगले निम्मे खराब. पाचही तुकडे चांगले यायची शक्यता किती? अर्धा गुणिले अर्धा असं पाच वेळा, म्हणजे बत्तीसात एक. थोडक्यात जवळजवळ ९७ टक्के गुच्छांत निदान एक तरी खराब तुकडा! एकाच बाजूने बिघाड आला तरी माणसाला त्रास का होतो, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं त्याहून भारी. हे तुकडे नीट घडी पडायला कॅल्शियम धरून ठेवतात, आणि बहुतेक बदल नेमके त्याच भागात होतात. (म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन हे बरं होईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, कॅल्शियम भरपूर असतं, पकडणारा हात वाकडा असतो.) घडी चुकली की पेशीच्या आतलं चेकिंग खातं प्रोटीनला बाहेर सोडत नाही, आणि त्याला चिकटलेलं नऊ नंबरचं कोलॅजन, मॅट्रिलिन, ही कूर्चेतली दुसरी प्रोटीनंही आतच अडकतात. एसटीच्या पार्सल ऑफिसात पत्ता चुकलेलं एक खोकं पडून राहावं आणि त्याला सुतळीने बांधलेली बरोबर पत्त्याची खोकीसुद्धा तिथेच कुजावीत, तसं. पेशी फुगते, ताण येतो, मरते. आणि उंदरांमध्ये कॉम्प जीन पूर्ण काढूनच टाकला तर सांगाडा चक्क नॉर्मल वाढतो! म्हणजे प्रोटीन नसण्याने काही अडत नाही, वाकडं असण्याने अडतं. वाढपट्टी आणि सांध्याची गादी दोन्हीकडच्या पेशी यात सापडतात, म्हणून उंचीही जाते आणि गुडघाही. 'ग्रीस संपलं' म्हणतो ना आपण, इथे ग्रीस बनवणारेच गेलेले असतात.

जाता जाता एक. असं मूल झालं की आपल्याकडे आईला विचारतात, ग्रहणात भाजी चिरलीस का? अकॉन्ड्रोप्लेझियाच्या साधारण ८० टक्के मुलांचे आईबाप नेहमीच्या उंचीचे असतात, बदल नव्याने झालेला असतो, आणि तो जवळजवळ नेहमी बापाच्या शुक्राणूत होतो, बापाचं वय वाढेल तसा जास्त. आता विचारा ग्रहणाचं! कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या हंडिगोडू गावाकडेही असंच झालं, १९७० च्या दशकात तिथल्या लोकांचे खुबे-गुडघे जायला लागले तेव्हा भातशेतातले खेकडे आणि कीटकनाशकांवर संशय गेला, पुढे अभ्यासात तो घराण्यातून येणारा हाडांचा विकार निघाला.

आता गुडघा बदलायचं ऑपरेशन. साध्या गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालतात आणि तिच्या हिशोबाने हाड कापतात, उद्देश हा की खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतची रेघ गुडघ्यातून जावी. इथे हाडच कमानीसारखं वाकलेलं, पोकळी अरुंद, कधी लहानपणीच्या ऑपरेशनची प्लेट आणि स्क्रू आत तसेच, सळई जाणारच नाही आणि गेली तर चुकीची दिशा दाखवेल. म्हणून कॉम्प्युटर नेव्हिगेशन किंवा सीटी स्कॅनवरून त्याच पेशंटसाठी छापलेला साचा वापरतात, आणि बाक फारच असेल तर आधी हाड कापून सरळ करावं लागतं. लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे पट्टे, सैल असतात त्यामुळे नेहमीचा कृत्रिम सांधा आत डगमगतो, मग बिजागरीवाला घालायचा, पण त्याचा दांडा त्याच वाकड्या पोकळीत बसवायचा, हाड फुटायची भीती. वाटी बाहेरच्या बाजूला सरकलेली असू शकते. आणि माप! कंपनीच्या सगळ्यात छोट्या साइजपेक्षाही हाड छोटं निघालं तर ऑर्डर देऊन सांधा बनवून घ्यावा लागतो. रोबोट हाड अचूक कापून देईल हो, पण त्या मापाचा सांधाच कपाटात नसेल तर काय करणार?

भूल देणाऱ्या डॉक्टरांचं टेन्शन वेगळंच. स्युडोवाल्यांत मानेच्या दुसऱ्या मणक्याचा खुंटा बऱ्याचदा नीट वाढलेला नसतो, नळी घालताना मान जास्त वाकवली तर मज्जारज्जूला धोका, म्हणून मान पुढे-मागे वाकवून आधी एक्सरे काढतात. अकॉन्ड्रोप्लेझियात कमरेतून भूल द्यायलाच जागा कमी.

खुबाही खराब असेल तर सहसा तो आधी बदलतात, कारण खुबा बदलला की पायाची लांबी आणि ती रेघ दोन्ही बदलतात, मग गुडघ्याचं माप नव्याने घ्यायचं. पस्तिशीत बसवलेला सांधा आयुष्यभर पुरेल असं नाही, पुन्हा उघडायची वेळ येऊ शकते, तेव्हा पहिल्याच वेळी हाड जितकं कमी कापता येईल तितकं कमी कापतात.